खंडेनवमीचं लिव्हर

मी डॉक्टर आहे, पण कामाची नाही. हे अक्कलकोट रोडवरच्या आमच्या कॉलनीला पटवून देण्यात माझी अख्खी नोकरी संपली. दारावरच्या पाटीत नावाआधी 'डॉ.' बघून लोक ताप, गुडघे, मुलांचे जंत असं काय काय घेऊन यायचे. मी म्हणायची, अहो, मी पेशींची डॉक्टर, माणसांची नव्हे. त्यावर समोरच्याच्या तोंडावर माझ्याबद्दल जी कणव दाटून यायची, ती मला अजून आठवते. एका आजोबांनी तर माझ्या सासूबाईंचीच समजूत घातली होती, "असू द्या हो, शिकतील की हळूहळू."

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'कामातले गमतीदार अनुभव' मागितले आहेत. लिव्हरच्या पेशींबरोबर बंद खोलीत आयुष्य काढलेल्या बाईकडून गंमत मागणारा माणूस शूरच म्हणायचा. पण एक गंमत आहे. ती घडली तेव्हा मात्र हसायला कुणाला सवड नव्हती, कारण माझ्या शेजाऱ्याचा जीव तिच्यात अडकला होता.

आधी धंदा काय ते सांगते. सोलापूरजवळच्या एका खासगी संशोधन संस्थेत मी लिव्हरच्या पेशी सांभाळायची. संस्थेचं नाव सांगत नाही. ती अजून चालू आहे आणि तिचे संचालक वर्तमानपत्र वाचतात, निदान स्वतःचा फोटो असलेलं पान तरी. ऑपरेशनमध्ये कुणाच्या लिव्हरमधली गाठ काढली, की कडेचा थोडा निरोगी तुकडाही सोबत निघतो. पेशंटनं परवानगी दिली तर तो बर्फात घालून आमच्याकडे यायचा. आम्ही त्यातल्या पेशी सुट्या करायच्या, प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत पसरायच्या, वरून गुलाबी खाद्यद्रव घालायचा आणि अंगाइतक्या उबेच्या पेटीत ठेवायच्या. एवढे लाड केले तरी लिव्हरची पेशी रुसते. तिला शेजारपाजार लागतो, चारी बाजूंनी आपली माणसं लागतात. प्लास्टिकवर एकटी टाकली की काही दिवसांत ती आपलं काम विसरते, लिव्हरची प्रथिनं बनवायचं सोडते, वाढत तर नाहीच, आणि शेवटी मरते. तिला मरू न देण्याचा मला पगार होता.

शरीरात मात्र हेच लिव्हर भलतं चिवट. अर्ध्याहून जास्त कापलं तरी काही महिन्यांत भरून येतं. हे मी मंद्रूपच्या माझ्या चुलतभावाला एकदा कौतुकानं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग प्यायला काय हरकत हाय गं आक्का? परत येतंय की." चिंचोळी एमआयडीसीतले एक उद्योजक त्याच्याही पुढचे. ते 'स्टेम सेल पावडर' नावाचा डबाच छापून घेऊन आले होते, आंबा स्वादाचा. त्यांना डब्यावर पांढऱ्या कोटातला माझा फोटो हवा होता. पावडरीत काय घातलंय, असं विचारलं तर म्हणाले, "ते तुमी सांगा की. म्हणून तर आलोय."

माझं काम नेमकं काय, हे विचारणारा माणूस मला उभ्या आयुष्यात एकच भेटला. आमचे शेजारी अंबादासअण्णा. चादरीच्या कारखान्यात जेकार्ड मागावर त्यांची सगळी उमर गेली. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि मागाच्या खडखडाटात राहून आवाज कायमचा चढलेला. एका संध्याकाळी कट्ट्यावर बसून त्यांनी विचारलं, "बाई, तुमी दिवसभर त्या पेटीत बघत बसताय म्हणं. काय बघताय?"

मी त्यांना त्यांच्याच मागावरून सांगितलं. जेकार्डला भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते असतात. भोक असेल तिथला दोरा वर उचलला जातो, बाकीचे खाली राहतात, आणि चादरीवर फूल उठतं. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत पत्त्यांचा पूर्ण संच असतो, डोळ्याचा, कातडीचा, लिव्हरचा, अगदी आईच्या पोटात असतानाचासुद्धा. पोटातल्या गोळ्याची पेशी काहीही होऊ शकते, मनसोक्त वाढते. तिला स्टेम सेल म्हणतात. लिव्हरची पेशी मोठी झाली की तिच्यातल्या त्या जुन्या पत्त्यांच्या भोकांवर चिकटपट्ट्या बसतात. पत्ता फाटत नाही, हरवत नाही, नुसता बुजतो. मग ती फक्त लिव्हरचं फूल विणते.

"आणि पट्टी काढली तर?" अण्णा म्हणाले.

"तेच माझं काम. औषध घालून थोड्या पट्ट्या सैल करायच्या, म्हणजे पेशी पुन्हा लहान होऊन वाढायला लागेल. वाढली की पट्ट्या परत बसवायच्या, म्हणजे ती पुन्हा लिव्हर होईल."

"आणि भलतीच पट्टी निघाली म्हंजे?"

"म्हणजे कॅन्सर."

त्यालाही कारण आहे. गर्भातलं लिव्हर एक खास प्रथिन बनवतं. मूल जन्मलं की त्या पत्त्यावर पट्टी बसते आणि कारभार बंद होतो. मोठ्या माणसाच्या रक्तात ते प्रथिन पुन्हा जास्त दिसायला लागलं, तर डॉक्टर लिव्हरच्या कॅन्सरचा संशय घेतात. म्हणजे लहान होणं आणि बिघडणं यांत फरक किती, तर एका पट्टीचा. अण्णांनी मान हलवली. "लई नाजूक काम हाय की. आमच्यात असली चादर सेकंडात, डागी मालात जाती." माझ्या नोकरीचं एवढं नेटकं मूल्यमापन आमच्या संस्थेच्या कुठल्याही समितीनं केलं नाही.

पुढं अण्णांचंच लिव्हर बिघडलं. दारूला त्यांनी कधी शिवलं नव्हतं. तरुणपणी कधीतरी कावीळ-बी चा विषाणू शरीरात शिरला आणि गुपचूप बसून लिव्हर कडक करत राहिला. पण लिव्हर खराब म्हटल्यावर गल्लीनं आपलं निदान करून टाकलं. भेटेल तो सांगायचा, "अण्णा, आता तरी सोडा." अण्णा म्हणायचे, "काय सोडू? सुपारी खातोय, ती सोडतो." पोट पाण्यानं फुगायला लागलं, पाय सुजले. हैदराबादला त्यांचे मेहुणे राहतात, तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, लिव्हर बदलल्याशिवाय हे फार दिवस काढणार नाहीत. घरातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा भाग दिला पाहिजे. तपासण्या झाल्या. बायकोचं जुळलं नाही, पोरीचं जुळलं.

पोरगी म्हणजे श्रावणी, शाळेत गणित शिकवते. ती तयारच होती. अडून बसली तिची आई, राजमणीअक्का. त्यांना पोरीच्या जिवाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती पोटावरच्या वणाची होती. माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडायच्या. "लग्नाची पोरगी हाय बाई. एवढा मोठा वण. उद्या कोण करून घेणार तिला?" बापाला तेलुगूत नान्ना म्हणणाऱ्या श्रावणीनं एकदा माझ्यादेखत उत्तर दिलं, "अम्मा, मला वण चालंल. नान्ना नसलेले चालणार न्हाईत." शेवटी अक्कांनी होकार दिला. परवानग्या मिळाल्या, आणि संक्रांतीच्या आधीची तारीख ठरली.

आणि मग आली खंडेनवमी.

आमच्या गावात खंडेनवमीला जे जे चालतं, फिरतं, कापतं, त्या सगळ्याची पूजा होते. माग, रिक्षा, शिवणयंत्र, वजनकाटा, काहीही सुटत नाही. माझा विरोध नव्हता. फक्त प्रयोगशाळेत मी हार बाहेरच्या चौकटीला घालू द्यायची. हळदीकुंकू आत नाही, कारण हळदीतल्या जंतूंना आमचा गुलाबी द्रव लई आवडतो. शिवाय आत दोन पेट्या होत्या. एकीत माणसाच्या ताज्या लिव्हरच्या पेशी, ज्यांच्यावर औषधाचा प्रयोग चालू होता. दुसरीत लिव्हरच्या कॅन्सरच्या पेशी, तुलनेसाठी ठेवलेल्या. त्या कधीकाळी परदेशातल्या कुण्या पोराच्या गाठीतून काढलेल्या. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत आणि मरायचं नाव घेत नाहीत. या दोन पेट्यांतलं काही कधी एकत्र येऊ द्यायचं नाही. आयुष्यात मी सोवळंओवळं पाळलं ते एवढंच.

त्या वर्षी आई आजारी म्हणून मी दसऱ्याला मंद्रूपला गेले होते. आमच्या संचालकांना, म्हणजे सरांना, तेवढीच संधी मिळाली. नव्या पेटीसमोर नारळ फोडतानाचा फोटो त्यांना हवा होता. 'परंपरा आणि विज्ञान' असा मथळाही त्यांनी ठरवून ठेवला होता. पेटी पूजेला मोकळी करायची म्हणून माझा सहकारी अनिकेत यानं दोन्ही पेट्यांतल्या बाटल्या एकीत कोंबल्या. अनिकेत पीएच.डी. झालेला, हुशार आणि आज्ञाधारक; यातला दुसरा गुण जास्त घातक असतो. बाटल्यांना हळद लागू नये म्हणून त्यानं प्रत्येक बाटली स्पिरिटनं स्वच्छ पुसली. बाटल्यांवर नावं आम्ही मार्करनं लिहितो आणि मार्कर स्पिरिटनं जातो, हे त्याला माहीत होतं. फक्त ते आठवलं पुसून झाल्यावर. तिकडं फोटोग्राफर खोळंबलेला. मग त्यानं आठवून आठवून नावं परत लिहिली. बहुतेक बरोबर लिहिली.

हे सगळं मला नंतर कळलं. दसऱ्यानंतर मी कामावर आले तेव्हा पेटीला कुंकवाचं बोट दिसलं. मी ते पुसलं, चिडचिड केली आणि कामाला लागले. पुसलेल्या नावांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

दिवाळी झाली आणि एक दिवस अनिकेत धावत आला. "मॅडम, निघाल्या. पट्ट्या निघाल्या." नातेपुत्याच्या एका बाईंच्या लिव्हरमधली गाठ काढताना मिळालेल्या पेशींची ती बाटली होती. बंद असलेली गर्भातली जनुकं उघडली होती, ते खास प्रथिन बनत होतं, आणि पेशी अशा वाढत होत्या की बाटलीत जागा उरेना. मी म्हटलं, "छान. आता नव्या तुकड्यावर परत करून बघू. दोनदा आलं की मग बोलू." अनिकेतचा चेहरा पडला. "मॅडम, मी सरांना सांगितलंय." सरांना सांगणं म्हणजे काय, हे दुसऱ्या दिवशी गेटवरच्या फ्लेक्सनं सगळ्या गावाला सांगितलं. त्यावर सर होते, मागं उगवता सूर्य होता, आणि सूर्याच्या मधोमध एक लिव्हर. पत्रकार परिषद झाली. पेपरात मथळा आला, 'सोलापुरात आता लिव्हरची लागवड'. फोटोत सर मध्ये, आणि कडेला मी.

त्याच संध्याकाळी राजमणीअक्का पेढे घेऊन आल्या. "बाई, देव पावला. हैदराबादला फोन करून सांगितलं की, आता न्हाय येत म्हणून. आमच्या गावातच निघतंय लिव्हर, पोरीला कशाला कापायचं?"

मी पेढा खाली ठेवला. मी सांगितलं, अक्का, हे माणसाला द्यायला अजून कितीतरी वर्षं लागतील, उंदरालासुद्धा दिलेलं नाही, तारीख सोडू नका. अक्का समजूतदारपणे हसल्या. "तुमी असंच म्हणताय नेहमी. आपल्या गल्लीत ड्रेनेज येणार न्हाय म्हणलात, आलं की." माझ्या तिरकस तोंडाची कीर्ती अशी वेळेला आडवी आली. आणि समोर छापील पेपर होता, सरांचा शब्द होता, "लवकरच रुग्णांच्या सेवेत". अक्कांनी ते कात्रण लॅमिनेट करून देवघरात व्यंकटरमणाशेजारी लावलं. श्रावणी रोज आईशी भांडत होती. अण्णा म्हणायचे, "थांबू की थोडं. पोरीचं वाचतंय म्हंजे बरंच हाय." बापच तो. स्वतःसाठी पोरीला कापायला तो कधी मनापासून तयार नव्हताच.

मला चैन पडेना. त्यात ती बाटली. रोज बघायची आणि रोज जास्त खटकायची. ज्या पेशींनी माझ्याशी इतकी वर्षं अबोला धरला, त्या एकाएकी लग्नघरासारख्या गजबजल्या होत्या. ना रुसवा, ना विस्मरण. औषध बंद केलं तरी वाढतच होत्या. पट्ट्या परत बसवायचं औषध दिलं, तर त्याला भीकसुद्धा घातली नाही. ही ओळख मला पटत होती, पण नातेपुत्याच्या बाईंच्या पेशी म्हणून नव्हे.

मी एक साधी तपासणी केली. पेशी बाईची की पुरुषाची, एवढंच बघायचं. पुरुषाच्या पेशीत वाय नावाचं गुणसूत्र असतं, बाईच्या नसतं. उत्तर आलं आणि मी पुन्हा केली. पुन्हा तेच. नातेपुत्याच्या बाई, दोन मुलांची आई, हातात हिरवा चुडा घालून स्वतः सही करून गेलेल्या, त्यांच्या पेशी पुरुष निघाल्या होत्या. मी अनिकेतला समोर बसवलं. मग स्पिरिट, मार्कर, नारळ, फोटोग्राफर, सगळं बाहेर आलं. आम्ही पट्ट्या बिट्ट्या काही काढल्या नव्हत्या. आम्ही कॅन्सरच्या बाटलीवर नातेपुत्याचं नाव लिहिलं होतं.

सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. मग म्हणाले, "औषधानं वाय उघडला असेल."

"उघडायला आधी असावा लागतो, सर."

"हे तुम्ही निगेटिव्ह घेताय. विज्ञानात अनपेक्षित गोष्टी घडतात."

"या बाटलीत अनपेक्षित काही नाही. कॅन्सर आहे आणि तो कॅन्सरसारखा वागतोय."

सर उठून खिडकीशी गेले. तिथून त्यांना फ्लेक्स दिसायचा. मागून, उलटा, पण दिसायचा. म्हणाले, "मॅडम, निधी देणारी समिती येतेय. फेब्रुवारीपर्यंत थांबा. मग आपण सावकाश, शास्त्रीय भाषेत सुधारणा छापू."

मी म्हटलं, "माझ्या शेजारी एक माणूस आहे, तो फेब्रुवारीपर्यंत थांबणार नाही."

"तो आपला पेशंट आहे का?" सरांनी विचारलं. नव्हता. आपल्याकडे नोंद नसलेला माणूस मेला, तर तो आपल्यामुळे मेला असं होत नाही, असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा. मी दार ओढून बाहेर आले. 

घरी गेले ती थेट अण्णांच्या दारात. अण्णा खाटेवर बसले होते, डोळे पिवळे, पोट टम्म. मला बघून तेलुगूत म्हणाले, "ये शांता, बस." शांता त्यांची बहीण, वारली त्याला बरीच वर्षं झाली. श्रावणीनं माझ्याकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सकाळपासून असंच बोलतायत." लिव्हरनं गाळायचं सोडलेलं विष आता डोक्यापर्यंत चढत होतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. शेजारच्या खाटेवर बघायची वेळ पहिल्यांदा आली.

मी अक्कांना देवघरासमोर बसवलं. ते कात्रण तिथंच होतं.

"अक्का, ते लिव्हर नाही."

"म्हंजे?"

"चूक झाली आमच्याकडं. बाटल्यांची नावं बदलली."

"अवो पण वाढतंय की ते. पेपरात हाय, लई जोरात वाढतंय म्हणून."

"वाढतंय. कॅन्सर आहे तो. म्हणूनच वाढतंय."

अक्कांनी कात्रणातल्या माझ्या फोटोवर बोट ठेवलं. "मग तुमी हितं उभ्या कशाला ऱ्हायलात?"

"सरांनी उभं केलं. तोंड बघा माझं, एरंडेल प्यायल्यासारखं आहे."

"तोंड तुमचं रोजच असं असतंय बाई. आमाला काय कळणार?"

खरंच होतं ते. मी त्यांचे दोन्ही हात धरले. "अक्का, नीट ऐका. माझ्याकडं लिव्हर नाही. सोलापुरात कुणाकडंच नाही. अण्णांचं लिव्हर श्रावणीच्या पोटात आहे, आणि ती द्यायला तयार आहे. आज फोन करा. उद्या नको."

अक्का रडल्या नाहीत. उठल्या, ते कात्रण काढलं, उलटं करून पाटाखाली ठेवलं आणि श्रावणीला हाक मारली. "मामाला फोन लाव. तारीख गेली असली तर दुसरी माग म्हणावं. पाय धरतो म्हणावं."

ती तारीख दुसऱ्या कुणाला गेली होती. पण दवाखान्यात अण्णांची अवस्था बघितल्यावर त्यांनी लगेच दाखल करून घेतलं, औषधांनी डोकं ताळ्यावर आणलं आणि नवी तारीख दिली. सोलापूर ते हैदराबाद ॲम्ब्युलन्सनं जाताना अण्णा शांतालाच हाका मारत होते. मी कॉलनीच्या गेटशी उभी राहून बघत होते. तेव्हा मला वाटलं, उशीर झाला. एका नारळापायी हा माणूस जातोय, आणि पेशींतलं सगळं कळणारी मी गेटला धरून उभी आहे. त्या आठवड्यात मी कामावर गेले, पण काय केलं ते आज मला सांगता येणार नाही.

ऑपरेशन झालं. बाप वाचला, पोरगीही वाचली.

मग जे झालं ते मी आयुष्यभर बाटलीत बघायचा प्रयत्न करत होते. श्रावणीच्या पोटात राहिलेलं लिव्हर वाढायला लागलं. काही महिन्यांनी सोनोग्राफी केली तर जवळजवळ पहिल्याएवढं. अण्णांच्या पोटात गेलेला तुकडाही तसाच भरून आला. त्या पेशी ना पुन्हा गर्भात गेल्या, ना काम विसरल्या. आपलं रोजचं लिव्हरपण सांभाळत, एकीच्या दोन, दोनाच्या चार होत गेल्या. आणि जागा भरली तशा आपणहून थांबल्या. जवळ आपली माणसं होती, रक्त होतं, आणि कुणी त्यांच्यासमोर नारळ फोडत नव्हतं. हे थांबणं माझ्या बाटलीतल्या पेशींना मी कधी शिकवू शकले नाही, याची हळहळ मला अजून आहे.

संस्थेचं सांगायचं तर समिती आली, चहा प्याली, गेली. मी समितीला लेखी कळवल्यामुळं ते लिव्हर प्रकरण मागं घ्यावं लागलं. पेपरात चार ओळींचा खुलासा आला, आतल्या पानावर, हरवलेल्या पाकिटाच्या जाहिरातीखाली. सर म्हणाले, चुका पचवण्यातच संस्थेचा मोठेपणा असतो, आणि 'प्रयोगशाळेतील चुका व त्यांचे व्यवस्थापन' या विषयावर गावोगाव व्याख्यानं द्यायला लागले. अनिकेत आता बाटल्यांवर नावं हिऱ्याच्या टोकाच्या पेननं कोरतो. तेवढं एक संशोधन आमच्याकडून जगाला मिळालं. निवृत्त होताना मला शाल आणि नारळ दिला. नारळ मी गेटवरच्या वॉचमनला देऊन टाकला.

आता शेवटचं. श्रावणीला बघायला मध्यंतरी एक स्थळ आलं होतं. मुलाला चांगली नोकरी, माणसं भारदस्त. अक्कांनी मला मुद्दाम बोलावलं, कारण ऑपरेशनचं त्यांनी आधीच कळवलं होतं आणि पाहुण्यांना 'तज्ज्ञांशी' बोलायचं होतं. माझ्या सगळ्या शिक्षणाचा असा थेट सामाजिक उपयोग पहिल्यांदाच होत होता. मी चांगली साडी नेसून गेले. अण्णा कोपऱ्यात खुर्चीवर होते, अंगानं भरलेले, आवाज पुन्हा मागावरचा.

पोहे झाले. चहा आला. मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला. "मॅडम, मुलीचं लिव्हर पूर्ण भरलंय का? म्हंजे कमीबिमी काय न्हाय ना? पुढं बाळंतपण हाय, घरचं काम हाय. तुमी लिहून दिलं तर बरं होईल."

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे पट्ट्यांपासून सोनोग्राफीपर्यंत सगळं तयार होतं, वर दोन-चार तिरकस वाक्यंही घासूनपुसून आणली होती. पण ज्या बाईनं एका वणापायी नवऱ्याचा जीव टांगणीला लावला होता, ती बाई माझ्याआधी बोलली. राजमणीअक्कांनी कपबशी खाली ठेवली. आवाज अगदी साधा होता.

"आमच्या पोरीचं भरून आलंय. तिनं अर्धं देऊन बापाला जगवलंय, ते समोर बसलंय बघा. तुमच्या पोराचं कसं हाय ते आदी सोनोग्राफी करून घेऊन या."

पाहुण्यांनी चहा तसाच ठेवला. अण्णांनी मान खाली घातली, ती हसू लपवायला की डोळे, ते मला दिसलं नाही. आत पडद्यामागं श्रावणीला हसू आवरेना, आणि हसताना तिनं पोटावरच्या वणावर हात धरला. आता तिथं दुखत नाही, पण सवय गेलेली नाही.